मलमपट्टीमागचे शास्त्र

शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या खाटेशेजारी बसलेल्या नातेवाइकांची एक तक्रार हमखास ऐकू येते : ‘आज ड्रेसिंग झालेच नाही.’ औषधाची गोळी अर्धा तास उशिरा मिळाली तर खपते, सलाइनची बाटली संपल्यावर सिस्टर लगेच आल्या नाहीत तरी माणसे समजून घेतात. पण कालची पट्टी आजही तशीच आहे हे दिसले, की रुग्णाकडे दुर्लक्ष होत असल्याची शंका मनात घर करते. रोज पट्टी सोडणे, जखम पुसून काढणे, तिच्यावर काहीतरी लावणे आणि नवी पांढरीशुभ्र पट्टी बांधणे म्हणजे उत्तम शुश्रूषा, असे समीकरण समाजमनात पक्के बसले आहे. हे समीकरण अगदीच निराधार नाही. जंतुसंसर्ग हा नियम आणि निर्जंतुक जखम हा अपवाद होता, त्या काळात ते बऱ्याच अंशी योग्यही होते. परंतु गेल्या साठ वर्षांत जखमेविषयीचे ज्ञान नेमके उलट दिशेने गेले आहे. जखम भरते ती शरीराच्या स्वतःच्या बळावर. पट्टीने आणि परिचारिकेने करायचे, ते या कामात अडथळा येऊ न देण्याचे काम. आणि विनाकारण सोडलेली पट्टी हाच पुष्कळदा त्यातला मोठा अडथळा ठरतो.

जखम भरण्याची प्रक्रिया त्वचा कापली गेल्याच्या क्षणापासूनच सुरू होते. पहिल्या काही मिनिटांत रक्तवाहिन्या आकसतात, रक्तातील प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि फायब्रिनच्या तंतूंचे जाळे विणले जाऊन रक्त थांबते. पाठोपाठ पांढऱ्या पेशी तेथे पोहोचतात व जंतू आणि मृत पेशी गिळून टाकू लागतात. जखमेभोवतीची लाली, ऊब, सूज आणि ठणका ही या कामाचीच चिन्हे होत. पहिले तीन-चार दिवस ती दिसणे स्वाभाविक असते. त्यामुळे दुसऱ्या दिवशी टाक्यांची कड किंचित लाल दिसली, म्हणजे ‘टाके पिकले’, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्यानंतर लाली ओसरण्याऐवजी पसरू लागली, तर मात्र गोष्ट वेगळी.

साधारण चौथ्या दिवसापासून बांधकामाला प्रारंभ होतो. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कोलॅजेन या प्रथिनाचे धागे तयार करतात, त्यांच्यामधून केसाहून बारीक अशा नव्या रक्तवाहिन्या वाट काढतात आणि जखमेच्या तळाशी लालचुटूक, दाणेदार थर दिसू लागतो. त्याला मांसांकुर म्हणतात आणि हा शब्द मोठा अर्थवाही आहे. कारण हे खरोखरच कोंबासारखे कोवळे असते, साध्या घर्षणानेही त्यातून रक्त येते. त्याच वेळी कडेच्या बाह्यत्वचेच्या पेशी एकेक पाऊल टाकल्यासारख्या जखमेवरून सरकत जातात आणि दोन्ही काठ भेटले, की तोंड मिटते. टाके घालून काठ जुळवलेल्या स्वच्छ जखमेत हे काम फार लवकर, म्हणजे २४ ते ४८ तासांत उरकते. म्हणूनच अशा जखमेवर शस्त्रक्रियागृहात बांधलेली पट्टी कोरडी आणि घट्ट असेल, तर पहिले ४८ तास तिला हात न लावणे हेच योग्य मानले जाते.

तोंड मिटले म्हणजे जखम पूर्ण बरी झाली असे मात्र नव्हे. तीन आठवड्यांनंतरही तेथील कातडीची ताकद मूळ ताकदीच्या सुमारे २० टक्केच असते. पुढे वर्षभर किंवा त्याहूनही अधिक काळ कोलॅजेनचे धागे मोडून पुन्हा नव्याने रचले जातात, आणि तरीही ती ताकद ८० टक्क्यांच्या फारशी पलीकडे जात नाही. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पाण्याची बादली उचलू नका, असे डॉक्टर बजावतात ते यामुळेच. व्रणाच्या आतले हे मोडणे-बांधणे आयुष्यभर मंद गतीने चालूच राहते. १७४१ साली कमोडोर जॉर्ज ॲन्सन यांच्या ‘सेंच्युरियन’ या ब्रिटिश युद्धनौकेवर स्कर्व्हीने थैमान घातले होते. त्या जलप्रवासाच्या वृत्तांतात एका वृद्ध सैनिकाची हकीकत नोंदलेली आहे. १६९०च्या बॉइनच्या लढाईत त्याला झालेल्या जखमा लवकरच भरून आल्या होत्या. पन्नास वर्षांनंतर स्कर्व्ही झाल्यावर त्या पुन्हा उघडल्या. कोलॅजेन तयार होण्यास ‘क’ जीवनसत्त्व लागते. ते संपले, की मोडणे चालू राहते आणि बांधणे थांबते.

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. जखम मोकळी ठेवावी, तिला वारा लागू द्यावा, ती सुकली की बरी झाली, ही समजूत घरोघरी आहे. खपली धरणे हे आपल्याकडे बरे होण्याचेच दुसरे नाव होऊन बसले आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर या ब्रिटिश संशोधकाने ‘नेचर’ या नियतकालिकात एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याने डुकराच्या पाठीवर सारख्या आकाराच्या उथळ जखमा केल्या. त्यांपैकी काही उघड्या ठेवल्या आणि काही पॉलिथिनच्या पातळ पापुद्र्याने झाकल्या. झाकलेल्या, ओलसर राहिलेल्या जखमांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने आली. कारण साधे होते. उघड्या जखमेवर खपली धरते, खपलीखालचाही थर सुकून मरतो आणि सरकत येणाऱ्या पेशींना या सुक्या थराखालून बोगदा खणल्यासारखी वाट काढावी लागते. ओलसर पृष्ठभागावरून त्या सहज सरकतात. पुढल्याच वर्षी माणसांवर झालेल्या अभ्यासातही हेच आढळले. खपली ही निसर्गाने बांधलेली पट्टीच होय, पण ती काही सर्वोत्तम पट्टी नव्हे.

शिवाय पट्टीखाली जखम उबदार असते. पट्टी सोडून, थंड द्रावणाने धुऊन, डॉक्टरांची फेरी येईपर्यंत ती तशीच उघडी ठेवली, की तिचे तापमान काही अंशांनी उतरते. पेशींच्या विभाजनाचा मंदावलेला वेग पूर्ववत व्हायला नंतर काही तास लागतात. सकाळी नऊला सोडलेली पट्टी अकराला बांधली जाते, त्या दिवशी जखमेचा निम्मा दिवस वाया गेला असे समजावे.

ही जाणीव सर्वस्वी नवी मात्र नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात पट्टी तिसऱ्या दिवशी सोडावी असे सांगितले असून, घाईने दुसऱ्याच दिवशी ती सोडल्यास व्रण उशिरा भरतो आणि तीव्र वेदना होतात, असा स्पष्ट इशाराही दिलेला आहे. ऋतूनुसार त्यात भेद केला आहे. हेमंत, शिशिर आणि वसंतात तिसऱ्या दिवशी, तर ग्रीष्म, वर्षा आणि शरदात दुसऱ्या दिवशी पट्टी सोडावी, असा तो नियम. घाम आणि स्राव अधिक असताना पट्टी लवकर भिजते, हे निरीक्षण त्यामागे असावे. आणि नियम सांगून ग्रंथकार थांबत नाही. रोग झपाट्याने वाढत असेल तर हा नियम बाजूला ठेवावा आणि घराला आग लागल्यावर धावावे तशी त्वरा करावी, असेही तो सांगतो. चौदा प्रकारचे बंध आणि व्रणाचे साठ उपक्रम वर्णिणाऱ्या या ग्रंथाचा अभिमान आपल्याकडे वारंवार मिरवला जातो. त्यातला ‘घाईने सोडू नका’ हा साधा सल्ला मात्र फारसा कोणाच्या लक्षात राहिलेला दिसत नाही.

वॉर्डातील ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर जे साहित्य दिसते, त्याचाही इतिहास रंजक आहे. कापसाचा जाड थर दोन गॉझच्या मध्ये घालून केलेल्या गादीला सिस्टर, मामा, मावशी सगळेच ‘गमजी पॅड’ म्हणतात. तो शब्द देशी वाटला, तरी ते बर्मिंगहॅमचे शल्यविशारद जोसेफ सॅम्पसन गॅम्जी यांचे आडनाव आहे. १८८०च्या सुमारास त्यांनी ही गादी प्रचारात आणली. भाजलेल्या जखमेवर अंथरल्या जाणाऱ्या स्निग्ध जाळीदार कापडाचे, म्हणजे ‘ट्यूल’चे, श्रेय सिनेमाचे जनक मानल्या जाणाऱ्या ल्युमिएर बंधूंपैकी ऑगस्ट ल्युमिएर यांच्याकडे जाते. ज्यांच्या चलत्चित्रांनी १८९६ साली मुंबईच्या वॉटसन हॉटेलात प्रेक्षकांना थक्क केले, त्यांच्यातल्याच एकाने पहिल्या महायुद्धातील जखमींचा पट्टी सोडतानाचा आकांत कमी करण्याचे साधन दिले, ही गोष्ट फारशी ठाऊक नसते.

हा आकांत हाच या विषयाचा सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणावा लागेल. कोरडा गॉझ उघड्या जखमेवर ठेवला, की पाझरणारी लस त्याच्या धाग्यांत सुकते आणि मांसांकुर त्या छिद्रांतून वर येऊन गॉझशी एकजीव होतात. दुसऱ्या दिवशी तो ओढून काढताना चार दिवसांत उगवलेले सोलून निघते. एके काळी मृत मांस काढण्यासाठी ही युक्ती जाणूनबुजून वापरली जात असे. अडचण इतकीच, की गॉझला मेलेले आणि जिवंत यांतला फरक कळत नाही. पट्टी काढताना रक्ताचे ताजे थेंब दिसले, तर जखमेला पुन्हा जखम झाली आहे, असाच त्याचा अर्थ. अनेक रुग्ण शस्त्रक्रियेला भीत नाहीत इतके ड्रेसिंगच्या ट्रॉलीच्या चाकांच्या आवाजाला भितात. त्यात भाजलेल्या मुलांचे हाल तर पाहवत नाहीत.

वास्तविक यावरचे उपाय साधे आहेत. वेदनाशामक गोळी ड्रेसिंगच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यावी. नंतर दिलेल्या गोळीचा उपयोग रुग्णापेक्षा केसपेपरवरील नोंदीलाच अधिक होतो. चिकटलेला गॉझ सलाइनने भिजवून पाच-दहा मिनिटे थांबावे. चिकटपट्टी वर खेचू नये. कातडी एका हाताने दाबून धरून पट्टी त्वचेला समांतर, हळूहळू सोडवावी. म्हाताऱ्या माणसांची त्वचा कागदासारखी पातळ झालेली असते. त्यांच्याबाबत चिकटपट्टी टाळून गुंडाळीचे बँडेज वापरणे बरे. आणि काय करणार आहोत, हे रुग्णाला आधी सांगावे. ‘दुखले तर थांबायला सांगा’ एवढे वाक्यही पुष्कळ काम करते.

जखमेची पट्टी बदलणे हे वरकरणी हातांचे काम दिसते. परंतु चांगली परिचारिका ते प्रामुख्याने डोळ्यांनी करते. तिची तयारी ट्रॉली ढकलण्यापूर्वीच सुरू होते. वॉर्ड नुकताच झाडलेला नसावा, जखमेवर थेट वारा मारणारा पंखा बंद असावा. स्वच्छ जखमांचे रुग्ण आधी घ्यावेत आणि पू वाहणाऱ्या जखमांचे शेवटी. दोन रुग्णांच्या मध्ये हात धुतलेच पाहिजेत, मग हातमोजे कितीही बदलले तरी. साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद किंवा अल्कोहोलयुक्त द्रावणाने २० ते ३० सेकंद, हे जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमाण आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस याने १८४७ साली डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू कमी करून दाखवले, त्याला पावणेदोनशे वर्षे उलटली. तरी हीच पायरी आजही सर्वांत आधी गाळली जाते. जखमेला आणि तिला स्पर्श करणाऱ्या वस्तूंना उघडा हात लागू द्यायचा नाही. चिमटा किंवा निर्जंतुक हातमोजा यांनीच काम करायचे. पुसायचे ते स्वच्छ भागाकडून घाण भागाकडे, आणि एक बोळा एकदाच.

जुनी पट्टी काढल्यावर ती लगेच पिवळ्या पिशवीत जाते; पण त्याआधी तिच्याकडे नीट पाहायला हवे. ती किती भिजली आहे, डाग पाण्यासारखा आहे, रक्ताचा आहे की हिरवट, वास कसा आहे, यांतून पट्टीआडच्या दोन-तीन दिवसांचा वृत्तांत मिळतो. मग जखमेचा रंग. लाल आणि दाणेदार तळ म्हणजे काम ठीक चालले आहे. तिला जपावे, चोळू नये. पिवळट, चिकट थर असेल तर तो मृत पेशींचा असतो. तो हटल्याशिवाय जखम पुढे सरकत नाही. काळा, चामड्यासारखा भाग म्हणजे मेलेली ऊती. त्याबाबतचा निर्णय शल्यचिकित्सकाचा. कडेने मोतिया-गुलाबी झालर दिसू लागली, की नवी त्वचा येते आहे. भोवतालची कातडी फार वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी पांढुरकी, सुरकुतलेली झाली असेल, तर पट्टी स्राव शोषायला अपुरी पडते आहे. अशी पट्टी लवकर बदलायला हवी. ओलसर याचा अर्थ चिंब नव्हे.

यानंतर मोजमाप. लांबी, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये, आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच पद्धतीने. जखमेची जागा आणि आतली पोकळी सांगण्यासाठी घड्याळाची उपमा वापरतात. रुग्णाचे डोके १२ वाजता आणि पाय ६ वाजता धरले, की ‘३ वाजता दोन सेंटिमीटर पोकळी’ ही नोंद रात्रपाळीच्या सिस्टरलाही नेमकी कळते. ‘ड्रेसिंग झाले, जखम बरी आहे’ या शेऱ्यातून मात्र कोणालाच काही कळत नाही. दर पाळीला माणूस बदलतो, तेथे कालची जखम आणि आजची जखम यांची तुलना कागदावरच होऊ शकते. एका परिचारिकेच्या वाट्याला अख्खा कक्ष येतो तेथे हे सारे कसे जमावे, हा प्रश्न रास्तच आहे. पण विनाकारण होणारी ड्रेसिंग्ज वगळली, तर उरलेल्यांसाठी वेळ याच तिच्या दिवसातून निघू शकतो, हेही तितकेच खरे.

जखम कशाने धुवावी, याविषयी तर मतांपेक्षा सवयीच अधिक आहेत. स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड, आयोडीनची द्रावणे, पहिल्या महायुद्धातील एडिंबरोहून आलेले आणि भारतातील शल्यकक्षांत दीर्घकाळ टिकून राहिलेले ‘युसोल’, ही सारी जंतूंना मारतात, यात शंका नाही. पण ती फायब्रोब्लास्टनाही मारतात. पेरॉक्साइडचा फेस उठला की ‘घाण निघाली’ असे वाटते. तो फेस निरोगी ऊतीवरही तितकाच उठतो. घाण झालेल्या, संसर्ग झालेल्या जखमेत डॉक्टर काही काळ जंतुनाशके वापरतात आणि ते योग्यच असते. मात्र स्वच्छ, लाल जखमेला साधे सलाइन पुरते. घरी किरकोळ जखम धुवायला पिण्यायोग्य नळाचे पाणी किंवा उकळून गार केलेले पाणी चालते. जंतुनाशक पावडरीचा थर देण्याची आपल्याकडील हौस मात्र आवरायला हवी. लस आणि पावडर मिळून जे कवच बनते, त्याखाली पू निर्वेध साठतो.

उपचारच इजा करू शकतो, हा धडा युरोपने रणांगणावर शिकला. १५३७ साली तुरीनच्या मोहिमेत आम्ब्रुआझ पारे हा तरुण फ्रेंच शल्यविशारद तत्कालीन रिवाजाप्रमाणे गोळीच्या जखमांवर उकळते तेल ओतत होता. तेल संपले. उरलेल्या जखमींना त्याने अंड्याचा बलक, गुलाबतेल आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण लावले आणि आपल्या हातून ही माणसे दगावणार, या धास्तीने त्याला रात्रभर झोप लागली नाही. पहाटे पाहतो तो हेच जखमी शांत निजलेले, आणि तेल ओतलेले तापाने व वेदनेने तळमळत असलेले. चारशे वर्षांनी स्पेनच्या यादवी युद्धात बार्सिलोनाच्या जोसेप त्रुएटा यांनी हाडे मोडून उघड्या पडलेल्या जखमा स्वच्छ करून, मृत मांस कापून काढून, सरळ प्लॅस्टरमध्ये बंद केल्या. आठवडेच्या आठवडे त्या उघडल्या नाहीत. दुर्गंधी असह्य होई, पण अवयव आणि जीव वाचले.

भारतात याच तत्त्वाचा सर्वांत हृद्य प्रयोग वेल्लोरला झाला. १९४६ साली तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात रुजू झालेले डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांच्या तळपायांवरील न भरणाऱ्या जखमांचा विचार करत होते. या रुग्णांचे मांसच ‘सडके’ असते, ते भरून येत नाही, अशी सर्वांची समजूत होती. ब्रँड यांना दिसले ते असे, की मांस अगदी निरोगी आहे. फक्त वेदना जाणवत नसल्यामुळे रुग्ण त्याच जखमेवर चालत राहतो. पाय प्लॅस्टरमध्ये घालून जखमेवरचा भार काढून घेतला, की वर्षानुवर्षांच्या जखमा भरू लागत. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी वापरले.

महाराष्ट्राच्या दृष्टीने हा भाग आज सर्वांत निकडीचा आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘आयसीएमआर-इंडियाब’ अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत. त्यांतल्या पुष्कळांच्या पायांची संवेदना हळूहळू बोथट होत जाते. देवळाच्या तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना पोळले, चपलेचा खिळा आत टोचला, वारीच्या वाटेवर फोड आला, तरी त्यांना कळत नाही. घरी रोज निगुतीने ड्रेसिंग होते, महागडे मलम आणले जाते, आणि रुग्ण त्याच पायावर चालत बाजाराला जातो. अशा जखमेला रोज नवी पट्टी बांधणे म्हणजे गळक्या नळाखालची फरशी पुसत राहणे होय. भार काढणे, साखर आटोक्यात ठेवणे, पायाचा रक्तपुरवठा तपासणे हे आधी, पट्टी त्यानंतर. हा क्रम चुकला, की अंगठ्यापासून सुरू झालेली गोष्ट गुडघ्याखाली पाय कापण्यापर्यंत पोहोचते.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचांवर होणाऱ्या शय्याव्रणांचेही तसेच. ते दाबामुळे होतात आणि दाब काढल्यानेच बरे होतात. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, टाचा उशीवर अधांतरी ठेवणे, त्वचा कोरडी राखणे, हीच त्यांवरची पहिली ‘मलमपट्टी’. लाल झालेली जागा स्पिरिट-पावडर लावून जोरात चोळण्याची जुनी पद्धत आता त्याज्य ठरली आहे, कारण आतली दुखावलेली ऊती त्याने आणखी फाटते. मध्ये भोक असलेली गोल रबरी गादीही टाळावी. तिच्या कडेचा दाब भोवतालचा रक्तपुरवठा कमी करतो.

घरगुती उपायांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. हळदीचे उदाहरण घ्यावे. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला १९९५ साली मिळाले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली ‘सीएसआयआर’ने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. हा विजय अभिमानास्पदच होता. त्याने हळदीचा हा वापर जुना आहे, हे सिद्ध केले. स्वयंपाकघरातल्या डब्यातली पूड निर्जंतुक आहे, हे सिद्ध केले नाही. राख, माती, शेण यांबद्दल तर बोलायलाच नको. त्यांतून धनुर्वाताला आमंत्रण मिळते. भाजल्यावर टूथपेस्ट, शाई किंवा बर्फ लावू नये. वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे.

पण याच मातीतले काही उपाय शास्त्राच्या कसोटीला लावण्याचे काम महाराष्ट्रातील डॉक्टरांनी केले आहे. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी भाजलेल्या १०४ रुग्णांवर मध आणि सिल्व्हर सल्फाडायझिन यांची तुलना केली. तो निबंध १९९१ साली ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त प्रसिद्ध झाला आणि मधाच्या बाजूने गेला. आज जखमांसाठी वापरला जाणारा मध गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेला असतो, बाजारातल्या बाटलीतला नव्हे. भायखळ्याच्या मसीना रुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची निर्जंतुक पट्टी भाजलेल्यांसाठी वापरली. मुंबईतील शीव रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीची पाने स्वच्छ करून, ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करून वापरली. २००३ साली ‘बर्न्स’ या नियतकालिकात त्याविषयीचे निबंध आले. केळीच्या पानाचा मेणचट, गुळगुळीत पृष्ठभाग जखमेला चिकटत नाही, ओल टिकवतो आणि काढताना दुखत नाही. विंटरच्या पॉलिथिनने जे साधले, तेच हे पान अत्यल्प खर्चात साधते. फोम, हायड्रोकोलॉइड, समुद्रशैवालापासून केलेली अल्जिनेटची पट्टी ही आधुनिक साधनेही याच तत्त्वावर चालतात. त्यांची किंमत ऐकून नातेवाईक दचकतात. पण जी पट्टी चार-पाच दिवस राहते, तिची तुलना एका गॉझशी नव्हे, तर चार-पाच दिवसांच्या गॉझ, चिकटपट्ट्या, रिक्षाभाडे आणि बुडालेल्या मजुरीशी करायला हवी.

आहाराचा मुद्दा थोडक्यात, पण महत्त्वाचा. ‘आंबट खाल्ले की टाके पिकतात’, ‘डाळीने पू होतो’ अशा समजुतींपायी शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला पातळ पेजेवर ठेवले जाते. १९३९-४० साली जॉन क्रँडन या बोस्टनच्या तरुण डॉक्टरने स्वतःवरच प्रयोग केला. ‘क’ जीवनसत्त्व पूर्णपणे वर्ज्य करून त्याने पाठीवर जखम करवून घेतली. तीन महिन्यांनी केलेली जखम भरली, सहा महिन्यांनी केलेली भरेना. जीवनसत्त्व टोचून दिल्यावर तीही भरली. आवळा, पेरू, लिंबू आणि डाळ, अंडी, दूध यांतून जखमेला लागणारी सामग्री मिळते; म्हणजे आपण नेमके तेच बंद करतो. तंबाखू आणि मिश्री मात्र चालू राहते, आणि तिच्यातील निकोटिन जखमेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसवते.

रुग्णालयातून घरी सोडताना पट्टी पुन्हा कधी बदलायची, याची तारीख सिस्टरकडून लिहून घ्यावी. चेहऱ्यावरचे टाके साधारण चार-पाच दिवसांनी, पोटावरचे सात ते दहा, पायांवरचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. मधल्या काळात पट्टी आतून भिजून बाहेर डाग आला, ती सुटली, घाण झाली किंवा पाणी शिरले, तर ठरलेल्या तारखेची वाट पाहू नये. तिसऱ्या दिवसानंतर दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, लाली पसरणे, थंडी वाजून ताप येणे, घाण वास ही लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर पाचव्या ते आठव्या दिवसाच्या सुमारास, फारसे दुखत नसताना, पट्टीतून अचानक गुलाबी पाणी पाझरू लागले, तर आतले टाके सुटत असल्याची ती खूण असू शकते. अशा वेळी रुग्णाला गुडघे किंचित दुमडून निजवावे, खाण्यापिण्यास काही देऊ नये, जखमेवर सलाइनमध्ये भिजवलेले स्वच्छ कापड ठेवावे, आणि पट्टी सोडून आत काय झाले आहे ते पाहत न बसता सरळ रुग्णालय गाठावे.